मणका बसवण्याआधी दुखण्याचं नाव हवं

कोथरूडहून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांच्याकडे 11 वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे, वजन 39 किलो. घर तिसऱ्या मजल्यावर, सोसायटी जुनी, लिफ्ट नाही. गेल्या पावसाळ्यापासून उठताना त्याचे मागचे पाय लटपटतात, हॉलच्या टाइल्सवर घसरतात. जिना चढताना दुसऱ्या वळणावर तो थांबतो आणि वर ताईंकडे बघत उभा राहतो. डॉक्टरांनी कंबर दाबून पाहिली, 'वयाचा संधिवात दिसतोय' म्हणाले, एक्स-रे सुचवला, गोळ्या दिल्या. भूल द्यावी लागेल या भीतीने एक्स-रे राहिला. 'त्या गोळ्यांनी किडनी जाते' असं कुणीतरी सांगितलं, म्हणून चौथ्या दिवशी गोळ्याही थांबल्या. आता टेकडीवर फिरायला येणाऱ्या ओळखीच्यांनी एका कायरोप्रॅक्टरचा नंबर दिलाय. तो घरी येऊन मणका 'बसवून' देतो, 8 बैठकांचे 16 हजार, सगळे आधी भरायचे. सासऱ्यांची कंबर एकेकाळी गावच्या हाडवैद्याने एका हिसक्यात मोकळी केली होती, त्यामुळे त्यांचा आग्रह आहे. नवऱ्याचं म्हणणं, या वयात त्याला कशाला छळायचं. ताई विचारतात, 'गोळ्यांचा मारा करू की हा नैसर्गिक उपाय करून बघू? तो कधी कण्हत नाही, म्हणजे फार दुखत नसावं ना?'

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. कण्हत नाही म्हणजे दुखत नाही, असं नसतं. शेपटीवर पाय पडला तर कुत्रा केकाटतो. पण मुरलेलं, रोजचं दुखणं तो गुपचूप सोसतो आणि त्याप्रमाणे वागणं बदलत जातो. बसताना धप्पकन बसतो. रात्री सारखी कूस बदलतो. एकच सांधा चाटत राहतो, इतका की तिथले फिकट केस तांबूस होतात. कधी नव्हे तो घरातल्या लहान मुलावर गुरगुरतो. जिन्याच्या वळणावर थांबून तो तुमच्याकडे बघतो, हे तुम्ही ज्या बारकाईने लिहिलंय त्यावरून मला वाटतं, तुम्हालाही हे आतून कळलेलं आहे. त्याला दुखतंय असं धरूनच पुढे जाऊ या.

आता 'गोळ्या की कायरोप्रॅक्टिक'. या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे दुखणं काय आहे ते कळलंय आणि आता फक्त उपाय निवडायचा आहे. ते अजून कळलेलं नाही. डॉक्टरांनी हाताने तपासून अंदाज सांगितला, आणि लॅब्रॅडॉरच्या बाबतीत तो बऱ्याचदा बरोबर निघतो. पण मागचे पाय लटपटण्याची कारणं बरीच आहेत. खुब्याचा सांधा वाढीच्या वयातच ढिला पडतो आणि उतारवयात झिजतो, हे एक. गुडघ्यातला लिगामेंट हळूहळू फाटत जातो, हे लॅब्रॅडॉरमध्ये नेहमी दिसणारं दुसरं. कंबरेच्या शेवटच्या मणक्याशी नस दबते. मणक्यांमध्ये जंतुसंसर्ग होतो. मोठ्या जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हाडाचा कॅन्सरही होतो. आणि आपल्या पुण्यात विसरून चालणार नाही असा गोचीड ताप.

त्या गोचीड तापावरून मी स्वतः एकदा चुकले आहे. 12 वर्षांचा एक कुत्रा आला होता. आखडलेला, पाऊल जपून टाकणारा. वय बघितलं, सांधे दाबले आणि दुखणं कमी करायच्या गोळ्या लिहून दिल्या. नवव्या दिवशी मालक त्याला उचलून घेऊन आले, नाकातून रक्त येत होतं. तपासलं तर प्लेटलेट्स अगदी खाली, अंगात गोचीड ताप. तो बरा झाला. पण त्या रात्रीनंतर, कुत्रा कितीही म्हातारा असो, रक्त तपासल्याशिवाय मी 'संधिवात' म्हणत नाही. वय हा आजार नाही, आणि 'वयाचं आहे' हे निदान नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे रक्ततपासणी आणि एक्स-रे. एक्स-रेसाठी बहुतेक वेळा पूर्ण भूल लागत नाही. खुब्याचा नीट फोटो यावा म्हणून हलकी गुंगी देतात, आणि तिच्यावर उतारा देऊन थोड्या वेळात जागं करता येईल अशी औषधंही आहेत. कुत्रा शांत असेल तर काही फोटो गुंगीशिवायही निघतात. आधी रक्त आणि हृदय तपासून घ्या, मग 11 वर्षांचं वय एवढ्याच कारणाने घाबरायला नको. आणखी एक करा. क्लिनिकमध्ये शिरलं की घाबरलेला कुत्रा लंगडायचंही विसरतो. त्यामुळे घरीच मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घ्या, उठताना, बाजूने चालताना, मागून चालताना. डॉक्टरांना तो आमच्या दहा मिनिटांच्या तपासणीपेक्षा जास्त सांगेल. मागच्या पंजांची नखं वरच्या बाजूने घासली गेली आहेत का तेही बघा. घासली असतील तर तो पंजा ओढतोय, आणि मग दुखणं सांध्यापेक्षा नसांचं असण्याची शक्यता वाढते.

आता त्या कायरोप्रॅक्टरबद्दल.

ही पद्धत 1895 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट इथे डॅनियल डेव्हिड पामर यांनी सुरू केली. मणके जागेवरून किंचित हलतात, त्यामुळे नसांच्या कामात अडथळा येतो आणि हाताच्या नेमक्या झटक्याने ते पूर्ववत करता येतात, असा तिचा मूळ विचार. पुढे ती प्राण्यांवरही वापरली जाऊ लागली, घोड्यांवर विशेष. परदेशात पशुवैद्यकाची पदवी घेऊन वर हे वेगळं शिक्षण घेणारे डॉक्टर आहेत, आणि त्यांच्यातले जबाबदार लोक एक्स-रे बघितल्याशिवाय हात लावत नाहीत. पण कुत्र्याच्या संधिवातावर या झटक्यांचा उपयोग होतो असं ठामपणे म्हणता येईल एवढा पुरावा आज नाही. ज्याला 'सरकलेला मणका' म्हणतात तो एक्स-रेत दाखवता येत नाही. मणका खरोखर सरकलेला कुत्रा बहुधा चालत दारापर्यंत येणार नाही, त्याला ऑपरेशनही लागू शकतं. आणि तो 'कट्' असा आवाज? सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तेव्हा तसा आवाज येतो. आपण बोटं मोडतो तोच. हाड जागेवर बसल्याची ती खूण नाही.

तुमच्या सासऱ्यांचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. आखडलेला स्नायू योग्य हाताने मोकळा होतो आणि माणसाला त्याच क्षणी हलकं वाटतं. पण त्या हाडवैद्यासमोर ते स्वतः बसले होते. कुठे दुखतंय, कधीपासून, आधी पडला होतात का, हे सगळं त्यांनी सांगितलं असेल, आणि फार दुखलं असतं तर 'थांबा' म्हणाले असते. तुमच्या लॅबला हे काहीच सांगता येत नाही. त्याच्या वतीने सांगणारी वस्तू म्हणजे तो एक्स-रे.

हे मी एवढं का ताणून धरतेय, त्याचं कारण एक डॅशहुंड आहे. लांब पाठीची, आखूड पायांची ती जात. तिच्यात आणि बीगल, कॉकर स्पॅनियल, पग यांसारख्या जातींत मणक्यांमधल्या चकत्या लहान वयातच कडक होतात आणि एखाद्या उडीत फुटून मज्जारज्जूवर दाब देतात. हा 5 वर्षांचा कुत्रा दोन दिवस पाठ कमानीसारखी करून बसत होता. घरच्यांनी ओळखीतून कुणाला तरी बोलावून पाठ 'मोकळी' करून घेतली. संध्याकाळी तो माझ्या टेबलावर आला तेव्हा मागचे दोन्ही पाय चिंध्यांसारखे लोंबत होते. पंजा चिमट्याने जोरात दाबला तरी त्याने मान वळवून पाहिलं नाही. चकती त्या झटक्यानेच फुटली की ती फुटणारच होती, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण अशा पाठीला झटका द्यायचा नसतो, तिला पिंजऱ्यात पूर्ण विश्रांती द्यायची असते आणि गरज पडली तर ऑपरेशन करायचं असतं, हे मात्र नक्की सांगते. ज्यांच्या घरी अशा जातीचा कुत्रा आहे त्या सगळ्यांनी एवढं लक्षात ठेवा. मागचे पाय अचानक गेले, पंजा उलटा पडायला लागला, लघवी-शीवरचा ताबा सुटला, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. पाट किंवा फळी घ्या, त्यावर त्याला सपाट झोपवा आणि त्याच वेळी दवाखाना गाठा. अशा केसमध्ये तास मोजले जातात.

मग हाताने केलेल्या उपचारात काहीच तथ्य नाही का? आहे, पण ते वेगळ्या ठिकाणी आहे. निरोगी कुत्रा अंगाचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर घेतो. मागे दुखायला लागलं की तो आणखी भार पुढे ढकलतो. त्यामुळे खांदे, मान आणि पाठीचा वरचा भाग दिवसभर राबतात आणि दगडासारखे होतात. तुमच्या लॅबच्या मानेच्या मुळाशी बोटं फिरवून बघा, गाठी लागतील. तिथे हलक्या हाताने, झटका न देता मालिश केलं तर त्याला खरोखर बरं वाटतं. तो डोळे मिटेल, लांब श्वास सोडेल. कायरोप्रॅक्टर येऊन गेल्यावर काही कुत्री तासभर मोकळी चालतात, त्यामागे हेच असावं असं मला वाटतं. पण खुब्याची झीज तिथेच असते आणि आठवडाभरात खांदे पुन्हा आखडतात. त्यापेक्षा पशुवैद्यकाच्या देखरेखीखालची फिजिओथेरपी आणि पाण्यातल्या ट्रेडमिलवर चालणं मला जास्त पटतं, कारण त्याने मांडीचे स्नायू भरतात आणि सांध्याला आतून आधार मिळतो. सुटीच्या दिवशी मुळशीच्या फार्महाउसवर पूलमध्ये ढकलून देणं म्हणजे हायड्रोथेरपी नव्हे, ते करू नका.

तपासण्या झाल्या, साधा संधिवातच निघाला आणि तुमच्या डॉक्टरांची हरकत नसेल, तरीही घरच्यांना कायरोप्रॅक्टिक करून बघायचंच असेल, तर मी आडवी येणार नाही. फक्त काही गोष्टींवर अडून राहा. येणारा माणूस नोंदणीकृत पशुवैद्यक आहे का ते विचारा. आपल्याकडे 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार प्राण्यांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे, त्यामुळे महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? एक्स-रे बघायला नकार देणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. मानेला झटका द्यायचा नाही. कुत्रा निघून जायला लागला तर त्याला दाबून धरायचं नाही. आणि 8 बैठकांचे पैसे आधी अजिबात भरू नका. दोन बैठका, तेही मोजमाप ठेवून.

मोजमाप का, तर आपले डोळे आपल्याला फसवतात. संधिवात असलेल्या कुत्र्यांना औषधाऐवजी नुसती निरुपयोगी गोळी देऊन, पायांवर पडणारा भार यंत्राने मोजला गेला आहे. यंत्र म्हणतं काही फरक नाही, आणि कितीतरी मालक म्हणतात बराच फरक आहे. आम्ही डॉक्टरही त्यात सापडलो आहोत. शिवाय हे दुखणं आपोआप कमी-जास्त होत असतं. ते सगळ्यात वाढतं तेव्हा आपण कुणाला तरी बोलावतो, मग ओसरायचं ते ओसरतं आणि श्रेय त्या माणसाला जातं. म्हणून आजच लिहून ठेवा: झोपेतून उठायला किती सेकंद लागतात, किती पायऱ्यांनंतर थांबतो, दिवसात किती वेळा घसरतो. दर रविवारी व्हिडिओ काढा आणि बैठक कधी झाली हे ज्याला माहीत नाही अशा एखाद्या भाच्याला किंवा शेजाऱ्याला दाखवून विचारा, कुठल्या व्हिडिओत बरा चालतोय?

गोळ्यांची तुमची भीती निराधार नाही, पण ती अर्धीच खरी आहे. कुत्र्यांसाठीची वेदनाशामक औषधं किडनीला, लिव्हरला, पोटाला त्रास देऊ शकतात, म्हणूनच सुरू करण्याआधी रक्त तपासायचं, काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं आणि पुढे दर सहा महिन्यांनी. गोळी भरल्या पोटी द्यायची. उलटी, काळी शी, जेवण सोडणं, खूप पाणी पिणं, यातलं काहीही दिसलं तर बंद करून फोन करायचा. एवढी काळजी घेतली तर कित्येक कुत्री याच गोळ्यांवर वर्षानुवर्षं नीट चालतात. तुम्ही चौथ्या दिवशी थांबवल्यामुळे औषधाचा उपयोग होतो की नाही हेही आपल्याला कळलं नाही. खरा धोका घरातल्या माणसांच्या औषधाच्या डब्यात आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याला देऊ नका. डायक्लोफेनॅक तर, उपचार झालेली जनावरं मेल्यावर ती खाऊन गिधाडं मरायला लागली म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी बंद करण्यात आलं. मांजर पाळणाऱ्यांनी पॅरासिटामॉल तिच्या जवळपासही ठेवू नये, एक गोळीही जीव घेऊ शकते. सांधे दुखणारी मांजर सहसा लंगडत नाही हेही सांगून ठेवते. ती फ्रिजवर उडी मारायचं सोडते, पाठ चाटणं सोडते, आणि आपण म्हणतो म्हातारी झाली.

आता ज्याला एक रुपयाही लागत नाही त्याबद्दल. 39 किलो. तुमच्या लॅबच्या अंगावर किमान चार-पाच किलो जास्तीचे आहेत, आणि ते रोज तीन मजले चढतात. जाड कुत्र्यांचं वजन 6 ते 8 टक्के उतरलं तरी लंगडणं कमी होतं असं दिसून आलंय. तुमच्याकडे सुरुवातीला हे जेमतेम अडीच-तीन किलो. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉरच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला देत आयुष्यभर पाहिलं गेलं. 2002 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचा संधिवातही उशिरा आला. त्यामुळे चहाबरोबरची ग्लुकोज बिस्किटं, जेवणानंतरची तूप लावलेली पोळी, आणि सासरे हळूच टेबलाखालून देतात तो शेवटचा घास, हे थांबवावं लागेल. त्यांना द्यायचंच असेल तर काकडी आणि गाजर द्यायला सांगा. काम त्यांच्याकडेच सोपवा, रागावणार नाहीत.

हॉलच्या टाइल्सवर त्याच्या रोजच्या वाटेने सतरंज्या, जुने योगा मॅट टाका, कडा दुमडणार नाहीत असे. नखं कापा, पंज्यातले केस कापा. झोपायला जाड गादी, बाल्कनीच्या फरशीवर नको, पावसाळ्यात तर नकोच. आठवडाभर घरात आणि रविवारी वेताळ टेकडी, हे बंद करा. त्याऐवजी दिवसातून तीन-चारदा दहा-पंधरा मिनिटं, मातीवर, त्याच्या चालीने.

तुमच्या नवऱ्याला एवढंच सांगा, की छळ तपासणीत नाही. एक्स-रेनंतर काहीच करण्यासारखं नाही असं निघालं तरी दुखणं कमी करता येतं. दुसरं मत हवं असेल तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय पुण्यापासून फार लांब नाही.

आणि जिना. एखादी जुनी सुती साडी घ्या, हातभर रुंद घडी घाला. मागच्या मांड्यांच्या अगदी पुढून पोटाखालून घ्या. तो नर आहे, तेव्हा लघवीच्या जागेवर दाब येणार नाही असं बघा. दोन्ही टोकं वर एका हातात धरा आणि त्याचा मागचा भार थोडासाच उचला, चालू त्यालाच द्या. चढताना मागून, उतरताना गळपट्ट्याला दुसरा हात, कारण उतरताना सगळा भार खांद्यांवर येतो. दिवसाच्या फेऱ्या कमी करा. दुसऱ्या वळणावर एक जाड पायपुसणं कायमचं टाकून ठेवा. तो तिथे थांबला की ओढू नका. तुम्हीही पायरीवर बसा, त्याच्या खांद्यांवरून हात फिरवा, आणि तो स्वतः उठला की मग निघा. किती वेळ लागला ते वहीत लिहायला विसरू नका.